वजन बेताचं, पण पोट सुटलेलं

प्रश्न : वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलंय. टेपने ९४ सेंटिमीटर भरतं. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११०. तेल-तूप जवळजवळ बंद केलंय आणि रोज पोटाचे व्यायाम करतो. वजन तर तक्त्याप्रमाणे ठीक आहे. मग धमन्या कडक होण्याची काळजी मी करायची का?

उत्तर : करायची, आणि तीही वजनाची नव्हे, पोटाच्या घेराची. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.७ येतो, म्हणजे भारतीयांसाठीच्या २३ च्या मर्यादेत. पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे तुमच्यासारखी शरीरयष्टी घरोघरी दिसते.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. तिचा उपद्रव तुलनेने कमी. खरी त्रासदायक ती आतली, आतड्यांभोवतीची. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं (चरबीचे सुटे घटक) थेट यकृतात जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं, एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. असे कण धमनीच्या अस्तरात सहज शिरतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच अडकतात आणि थर वाढत जातो. पुढे त्यात कॅल्शियम साचतं आणि धमनी कडक होते. शिवाय या चरबीतून दाह वाढवणारी रसायनंही पाझरतात. दाहाने थरावरचं आवरण पातळ होतं. ते फाटलं की गुठळी धरते आणि अटॅक येतो.

आता तुमचा रिपोर्ट. एलडीएल ११० पाहून खूश होऊ नका. एकूण १९० मधून एचडीएल ३४ वजा करा : १५६. हा 'नॉन-एचडीएल' आकडा साधारण १३० च्या खाली हवा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर त्याहून बराच कमी. कण लहान असले की त्यांची संख्या जास्त असूनही एलडीएलचा आकडा साधा दिसतो, म्हणून तुमच्या बाबतीत १५६ हाच आकडा जास्त बोलका. फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) हेही तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड पुन्हा करताना १०-१२ तास उपाशी राहा आणि आदल्या दिवशी दारू टाळा.

तेल-तूप सोडूनही २३० का, याचं उत्तर बहुधा ताटात आणि कपात आहे. साखर, मैदा, साबुदाणा, भाताचा दुसरा-तिसरा वाढा आणि दारू यांनी ट्रायग्लिसराइड चढतात. दिवसाचे चार गोड चहा आणि सोबतची खारी आधी कमी करा. तेल अगदी बंद नको. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. तळून उरलेलं तेल मात्र पुन्हा तापवू नका. जेवणात डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा.

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, तिथलीच चरबी वेचून जळत नाही. दम लागेल, पण बोलता येईल अशा वेगाने आठवड्यात निदान १५० मिनिटं चाला आणि दोन दिवस वजनं उचला. तुमचं वजन तीन-चार किलोंनी उतरलं तरी आतली चरबी त्या मानाने जास्त घटते.

घेर मोजताना पँटच्या नंबरावर जाऊ नका. पँट ढेरीच्या खाली बसते, म्हणून ३४ चा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरा, श्वास सहज सोडून आकडा घ्या. पोट आत ओढायचं नाही! पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवं. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हाही एक सोपा ठोकताळा. तुमच्या बाबतीत ८४.

प्रश्न : लायपोसक्शन करून पोटाची चरबी काढली तर हृदयाचा धोका कमी होतो का?

उत्तर : नाही. त्यात कातडीखालची चरबी निघते, आतली तशीच राहते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्थूल स्त्रियांची सुमारे दहा किलो चरबी अशी काढली, पण इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय फरक पडला नाही.

प्रश्न : स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) नॉर्मल आली. म्हणजे धमन्या साफ आहेत ना?

उत्तर : तसं नाही. रक्तपुरवठा कमी पडेल इतकी धमनी अरुंद झाली तरच ही चाचणी सहसा बिघडते. अटॅक मात्र निम्म्याहून कमी अडथळा असलेल्या थरानेही येतो, कारण तो फाटतो. डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं असेल तर चाचणी चांगली आली म्हणून ते परस्पर बंद करू नका. त्याने थर धुऊन निघत नाही, पण वाढ मंदावते आणि वरचं आवरण घट्ट होतं.