पोर्तुगाल दहा दिवसांत: अल्गार्व्ह वगळा, तोमार आणि पेनीशला वेळ द्या

तुमचा बेत वाचला. ऑक्टोबर अखेरीस दहा दिवस, त्यात लिस्बन चार, अल्गार्व्ह (दक्षिणेची किनारपट्टी) तीन, पोर्तो तीन. सोबत पंचाहत्तरीचे वडील. त्यांचं लहानपण १९६१ आधीच्या मडगावात गेलंय आणि "ही माणसं इतक्या लांबून आमच्याकडे का आली" हे त्यांना तिथे जाऊन समजून घ्यायचंय. माझं मत सरळ सांगतो: अल्गार्व्ह काढून टाका. किनारे देखणे आहेत, पण त्या दिवसांत पाणी गारठलेलं असतं आणि गोव्याच्या माणसाने किनाऱ्यापायी तीन दिवस खर्ची घालू नयेत. ते दिवस तोमार, कोईंब्रा आणि पेनीशला द्या. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तिकडे मिळेल.

हा देश आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान. अफोंसू एन्रिकिशला ११४३ मध्ये शेजारच्या लिओनने राजा मानलं, मग त्याने आणि त्याच्या वंशजांनी दक्षिणेतल्या मुस्लिम सत्तांकडून मुलूख घेत घेत १२४९ मध्ये थेट खालचा समुद्र गाठला. १२९७ च्या तहात पूर्वेची सीमा ठरली, ती आजही जवळजवळ तशीच आहे. पाठीला कॅस्टीलचं बलाढ्य राज्य आणि पुढे अटलांटिक महासागर! जमिनीवर हातपाय पसरायला जागाच उरली नाही. १४१५ मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउता घेतलं आणि तिथून पुढचा सगळा प्रवास पाण्यावरून झाला.

त्या प्रवासाला पैसा आणि माणसं पुरवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव तोमारचं. लिस्बनहून थेट रेल्वे आहे, साधारण दोन तास लागतात. टेकडीवर टेंपलर या लढवय्या धर्मसंघाचा किल्ला आहे, ११६० साली बांधायला घेतलेला. पोपने १३१२ मध्ये तो संघ बरखास्त केला, तेव्हा राजा दिनीशने त्याची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये 'ख्रिस्ताचा संघ' असा नवा संघ उभा राहिला आणि सगळं त्याच्याकडे आलं. पुढे १४२० पासून राजपुत्र हेन्री या संघाचा प्रमुख होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेलेल्या मोहिमांमागे संघाचं उत्पन्न होतं. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस चित्रांत दिसतो, तो या संघाचा.

किल्ल्याला लागूनच असलेल्या या संघाच्या मठात शिरल्यावर गोल प्रार्थनामंदिर बघून झालं की सांता बार्बारा नावाच्या छोट्या चौकात जा आणि वर बघा. तिथली खिडकी १५१० च्या सुमाराची आहे. चौकटीभोवती दगडात पिळदार दोरखंड कोरलेत, पोवळी आणि समुद्री शेवाळ आहे, वर संघाचा क्रूस आणि राजा मानुएलचं चिन्ह असलेला खगोल, म्हणजे कड्यांचा आकाशगोल, आहे. सगळ्यात खाली एक दाढीवाला माणूस झाडाचं मूळ पेलून बसलाय. खऱ्या शेवाळाने दगड इतका माखलाय की कोरलेलं कुठलं आणि उगवलेलं कुठलं हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. अर्धा तास सहज जातो. गोव्याला जहाजं निघाली त्या दिवसांतला देश स्वतःकडे कसा बघत होता, हे मला लिस्बनमधल्या बेलेंच्या मनोऱ्यापेक्षा या खिडकीत जास्त नीट दिसतं.

खाली गावात पंधराव्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. एकच खोली, चार खांब, आणि कोपऱ्यांत भिंतीत उलटी बसवलेली मातीची मडकी, आवाज घुमावा म्हणून. ते बांधलं गेल्यावर काही दशकांतच, १४९६ मध्ये, ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. अशाच बाटवलेल्या घरात जन्मलेला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो गेल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. वडिलांना ही गोष्ट त्या खोलीत उभं राहून सांगा.

कोईंब्राला दोन दिवस. विद्यापीठाची स्थापना १२९० ची, कायमचा मुक्काम कोईंब्रात १५३७ पासून. काळे झगे घातलेले विद्यार्थी आजही दिसतात आणि इथला फादो (पोर्तुगीज गाण्याचा एक प्रकार) पुरुषच गातात, ही लिस्बनहून वेगळी परंपरा. अठराव्या शतकातल्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. पुस्तकं खाणारे किडे ती रात्री टिपतात आणि त्यांची घाण पडू नये म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात. प्रवेशाची वेळ ठरवून मिळते, तिकीट आधी काढा. वर जाताना टॅक्सी करा आणि उतरताना चाला, वडिलांचे गुडघे वाचतील.

आता पेनीश. लिस्बनहून दिवसभरात जाऊन येता येतं. रेल्वे नाही, बस आहे. मासेमारीचं गाव, आणि अगदी लाटांवर उभा असलेला किल्ला. १९३४ ते १९७४ हुकूमशहा सालाझारने उभारलेली राजवट इथे राजकीय कैदी ठेवत होती. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा झाल्यावर इथेच आणून ठेवलं होतं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही असंच मायदेशापासून हजारो मैलांवर पाठवलं गेलं. आपले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात होते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, त्यांची सुटका मात्र १९६९ उजाडल्यावर झाली. त्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली धडपड जुन्या पिढीला ठाऊक आहे.

पेनीशच्या किल्ल्यात २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. कैद्यांच्या भेटीची खोली बघा. मध्ये काच, दोन्ही बाजूंना बसायची जागा, वर पहारा. एवढ्या अंतरावरून बायकामुलांशी बोलायचं. गोव्याच्या कैद्यांना तर भेटायला येणार कोण? आपण या देशाला फक्त 'राज्य करणारे' म्हणून ओळखतो. त्याच राजवटीने स्वतःच्या माणसांनाही याच कोठड्यांत डांबलं, हे इथे दिसतं, आणि वडिलांना ते दिसावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच गावात बायका लाकडी फिरक्यांवर लेस विणतात. लांबट उशीवर टाचण्यांनी नक्षी पक्की केलेली असते आणि डझनावारी फिरक्या बोटांतून खडखडत फिरतात. विणणारी बाई मान वर न करता तुमच्याशी बोलेल.

पेनीशनंतर लिस्बनमधला कार्मो चौक बघाल तर त्याचा अर्थ लागेल. २५ एप्रिल १९७४ ला तिथल्याच बराकीत सालाझारनंतर आलेल्या पंतप्रधान कायतानुने सत्ता सोडली. आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला होता आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या अखेरीस. शेजारीच कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च आहे, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात पडलेलं आणि मुद्दाम तसंच ठेवलेलं. तुम्ही १ नोव्हेंबरला तिथे असाल तर लक्षात ठेवा, त्या दिवशी सुट्टी असते आणि लोक फुलं घेऊन दफनभूमीत जातात. बेलेंचा जेरोनिमुश मठ मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला आणि वास्को द गामाची कबर तिथेच आहे. तो बघालच, फक्त सोमवारी जाऊ नका.

पोर्तोबद्दल सगळेच लिहितात, मी दोनच गोष्टी सांगतो. साव बेंतू स्टेशनातल्या निळ्या फरशांवर सेउताची स्वारी शोधा. आणि दोरू नदीकाठच्या रेल्वेने पिन्यांवपर्यंत जा, जाताना उजवीकडे बसा. द्राक्षमळ्यांचे चढते बांध बघत वेळ कसा जातो कळत नाही.

जेवणाचं: हॉटेलात बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येतं. त्याचे पैसे लागतात, नको असेल तर लगेच परत करा. वडील शाकाहारी असतील तर काल्दू व्हेर्द या पालेभाजीच्या सुपात डुकराच्या सॉसेजची चकती असते, 'सें शोरीसू' म्हणून ती वगळायला सांगा आणि सूप कशात शिजवलंय हेही विचारा. दालचिनी भुरभुरलेला तांदळाचा गोड पदार्थ, आर्रोश दोस, त्यांना नक्की आवडेल, घरच्या खिरीसारखाच लागतो. त्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांवर चेस्टनट भाजत असतात, पुडी घ्याच.

एक काळजी मात्र घ्या. फुटपाथ छोट्या चुनखडी दगडांचे असतात आणि पावसात साबणासारखे निसरडे होतात. वडिलांना रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट इथूनच घेऊन द्या. मुक्कामाचा हिशोब असा धरा: लिस्बन चार (त्यात एक दिवस पेनीश), तोमार एक, कोईंब्रा दोन, पोर्तो तीन. पेनीशच्या परतीच्या बसची वेळ सकाळी उतरल्यावरच बघून ठेवा.