मुलगी बोलत नाही, तिकडे आधी बघा

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतो. मुलगी आठवीत आहे. नववीला तिला गणित-विज्ञानावर भर असलेल्या चार्टर शाळेत घालायचं ठरवलं आहे. शाळेला मोठा स्पॉन्सर आहे असं कळलं, म्हणजे पैशाची चणचण नसणार. प्रवेशपरीक्षेसाठी क्लास लावला आहे : सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास. चेलो शिकत होती, ते बंद केलं, फार वेळ जात होता. स्पॉन्सरकडे ओळख काढली तर प्रवेश पक्का होईल का? मुलीला विचारलं तर ती काहीच बोलत नाही. – एक वडील

उत्तर : तुमच्या पत्रात शाळेबद्दल भरपूर आहे. मुलीबद्दल एकच वाक्य आहे, तेही अगदी शेवटी. मला काळजी वाटली ती त्याच वाक्याची. तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या शाळेबद्दल काही बोलत नाही याचा अर्थ तिला काही म्हणायचं नाही, असा होत नाही. बोलून उपयोग नाही हे तिच्या लक्षात आलेलं असतं. तुम्ही तिचं वेळापत्रक बदललंत, तिचं वाद्य बंद केलंत आणि मग तिचं मत विचारलंत. हा क्रम उलटा झाला. रागावू नका, पण तुमच्या पत्रात मला अभ्यासू मुलगी कमी आणि थकलेली मुलगी जास्त दिसली.

आता ज्या परीक्षेसाठी हे सगळं चाललं आहे त्याबद्दल. चार्टर शाळा ही सार्वजनिक शाळा आहे. सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही आणि हुशार मुलं निवडून घ्यायला प्रवेशपरीक्षा घेऊ शकत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. आधीपासून शिकणारी मुलं, त्या डिस्ट्रिक्टमधले (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागातले) रहिवासी, शाळेतल्या मुलांची भावंडं यांना प्राधान्य असतं. ओळखीपाळखीला इथे जागा नाही.

स्पॉन्सरबद्दलचा तुमचा समज मात्र नीट उलगडायला हवा, कारण तो आपल्याकडून आलेला आहे. महाराष्ट्रात शाळेमागे संस्था असते, संस्थेचा अध्यक्ष वजनदार असला की इमारत उभी राहते, प्रवेशालाही त्याचा शब्द चालतो. ओहायोतला स्पॉन्सर तसा नाही. तो शाळेला देणगी देत नाही. उलट राज्याकडून शाळेला जे पैसे मिळतात त्यातले ३ टक्क्यांपर्यंत तो देखरेखीची फी म्हणून घेऊ शकतो. स्पॉन्सर म्हणून काम करणाऱ्यांत स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, विद्यापीठं आहेत, काही ना-नफा संस्था आहेत, खुद्द राज्याचा शिक्षण विभागही आहे. शाळेच्या संचालक मंडळाशी तो करार करतो आणि दर महिन्याला हिशेब व पटसंख्या तपासतो. निकाल किंवा हिशेब घसरले तर ताकीद देतो, वेळ आली तर शाळा बंदही करतो. रोजचा कारभार बऱ्याचदा तिसरीच एखादी व्यवस्थापन कंपनी बघते. म्हणजे मोठा स्पॉन्सर हे श्रीमंत शाळेचं लक्षण नाही.

तो शाळा बंद करतो हे तोंडदेखलं कलम नाही. कोलंबसमधूनच चालणारी ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ ही ऑनलाइन चार्टर शाळा जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या अगदी मध्यावर बंद पडली. जेवढ्या मुलांचे पैसे शाळेने घेतले तेवढी मुलं खरोखर शिकत होती हे तिला दाखवता आलं नाही. राज्याने वसुली सुरू केली, तिजोरी आटली आणि स्पॉन्सरने कामकाज थांबवायचा ठराव केला. सुमारे १२ हजार मुलांना ऐन वर्षात दुसरी शाळा शोधावी लागली. सगळ्या चार्टर शाळा अशा नसतात, काही फार चांगल्या आहेत. पण चौकशी करायची तर स्पॉन्सरच्या नावाची नको, त्याच्या कामाची करा. राज्याचा शिक्षण विभाग स्पॉन्सरनाही श्रेणी देतो, ती बघा. राज्य शाळेला जे रिपोर्ट कार्ड देतं त्यात ‘प्रोग्रेस’चे, म्हणजे मुलांच्या प्रगतीचे, स्टार किती आहेत ते बघा. संचालक मंडळाची सभा लोकांसाठी खुली असते, एकदा जाऊन बसा. नववीपासून बस मिळेल का, हेही आत्ताच विचारा.

सॅट (कॉलेजप्रवेशाची परीक्षा), एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय), कॉलेज क्रेडिट प्लस (शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची राज्याची योजना) हे मार्ग चार्टर शाळा आणि तुमच्या भागातली डिस्ट्रिक्ट शाळा, दोन्हीकडून खुले आहेत. त्यासाठी शाळा बदलायची गरज नाही.

चेलोचं वेगळं सांगते. चार्टर शाळेत जो उपक्रम नाही त्यासाठी मुलांना आपल्या भागातल्या डिस्ट्रिक्ट शाळेत जाता येतं, पण ही सोय खेळ आणि क्लब अशा शाळेबाहेरच्या वेळेतल्या गोष्टींची आहे. ऑर्केस्ट्रा बहुतेक हायस्कूलमध्ये तासाचा विषय असतो. शाळा बदलली तर तो सुटू शकतो, आणि मुलगी गप्प असण्याचं हे एक कारण असेल असं मला वाटतं. तुमच्या पत्रात गणित तिला आवडतं की नाही, हे कुठेच नाही.

या आठवड्यात चेलोचा क्लास परत सुरू करा, काही अट न घालता. मग दोन्ही हायस्कूल तिला दाखवा, शाळेची परवानगी मिळाली तर एकेक दिवस वर्गात बसू द्या, आणि घरी आल्यावर तिची आई किंवा तुम्ही, ज्याच्याशी ती मोकळेपणाने बोलते त्यानेच विचारा. ती नको म्हणाली तर अर्ज भरू नका. आणि प्रवेशपरीक्षेच्या क्लासचे पैसे परत मागा. तशी परीक्षाच नाही.