आयटीआय फिटर झालोय. अप्रेंटिसशिप करू की सरळ ठेकेदाराकडे लागू? आणि ‘बेस्ट अप्रेंटिस’ ठरणारी पोरं वेगळं काय करतात?

तुझ्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: दोन वर्षांचा फिटर ट्रेड झालाय, ठेकेदार महिन्याला १४,००० देतोय, मोठ्या कारखान्यातली वर्षभराची अप्रेंटिसशिप त्याच्या निम्म्यावर आहे, आणि घरचे म्हणतात, चालून आलेले पैसे सोडू नको. (अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.)

घरात पैशाची अगदीच निकड नसेल तर अप्रेंटिसशिप कर. पण होकार देण्याआधी त्यांना एक प्रश्न विचार, की वर्षभर मला कुठल्या खात्यात ठेवणार? टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवणारं खातं), मेंटेनन्स, असेंब्ली, क्वालिटी असं फिरवणार असतील तर डोळे झाकून जा. ‘लाइनवर’ एवढंच मोघम उत्तर आलं तर मात्र सावध हो. एका ठिकाणी पोरांना अख्खं वर्ष खोके चिकटवायला बसवलेलं मी बघितलंय. हातात सर्टिफिकेट फिटरचं आणि सवय टेपची.

मी स्वतः १९९७ साली भोसरीतल्या एका टूलरूममध्ये अप्रेंटिस होतो. स्टायपेंडमधून खोलीचं भाडं आणि खानावळ भागली की गावी जायला एसटीचे पैसे उरायचे नाहीत. आज प्रेस टूलच्या शॉपमध्ये आहे आणि गेली काही वर्षं नवी पोरं माझ्याच हाताखाली येतात. त्यामुळे कागदपत्रांकडे वळण्याआधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्या लेखी खरा प्रश्न तोच आहे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला एका डाय प्लेटला (साच्याच्या प्लेटला) डॉवेल पिनची, म्हणजे दोन भाग अचूक जागी धरणाऱ्या पिनांची, दोन भोकं करायला दिली होती. १० मिलिमीटरची पिन बसायची असेल तर आधी ९.८ चं ड्रिल मारायचं आणि मग रीमर (भोक किंचित मोठं आणि गुळगुळीत करणारं हत्यार) फिरवून भोक मापावर आणायचं. मी घाईत एका भोकाला थेट १० चंच ड्रिल मारलं. ड्रिल नेहमी स्वतःपेक्षा थोडं मोठंच कापतं. पिन लावून बघितली तर टपकन आत पडली. बसली नाही, पडली. त्या आवाजाने पोटात गोळा आला. इकडेतिकडे बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. प्लेट पुसली, तेल लावलं आणि बाकीच्या प्लेटांच्या खाली सरकवून दिली.

दोन दिवसांनी ती हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला गेली. डी-टू जातीचं पोलाद एकदा ५८-६० रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) कडक झालं की आपलं ड्रिल त्याच्यावर नुसतं चरचरतं. असेंब्लीच्या दिवशी सगळं बाहेर आलं. आमचे चार्जहँड, म्हणजे शॉपमधले मुकादम (त्यांना अख्खं शॉप मामा म्हणायचं) ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा. ते एवढंच म्हणाले, “त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दोन्ही भोकं बाराची केली असती. अर्ध्या तासाचं काम होतं.” प्लेट भंगारात गेली. नवीन प्लेट होईपर्यंत आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मला कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून मी पोरांमध्ये हात किती साफ चालतो हे नंतर बघतो. हात वर्षभरात बसतोच. आधी बघतो, जॉब बिघडला की पोरगं कुठल्या दिशेने चालायला लागतं, माझ्या टेबलाकडे की भंगाराच्या डब्याकडे.

काही वर्षांपूर्वी परभणीकडची एक मुलगी आली होती, फिटरच. तिसऱ्याच आठवड्यात तिच्या हातून एम-सिक्सचा टॅप (भोकात सहा मिलिमीटरचे आटे पाडणारं हत्यार) जॉबमध्ये तुटला. पाच मिनिटांत ती जॉब, तुटलेला टॅप आणि वापरलेलं ड्रिल, तिन्ही घेऊन माझ्यासमोर. “सर, पाचचं ड्रिल घ्यायचं होतं, मी चार पॉइंट आठचं घेतलं. शँकवरचा (ड्रिलच्या दांड्यावरचा) आकडा पुसट होता, मोजून बघितलं नाही.” म्हणजे काय बिघडलं हे तर सांगितलंच, का बिघडलं तेही शोधून आली होती. तिच्या खिशात एक चौकोनी वही असायची. रोजचा जॉब, माप, कुठली कानस, किती वेळ लागला आणि शेवटच्या रकान्यात ‘चूक’. तो रकाना बहुतेक दिवशी भरलेला असायचा. मी नोकरीत इतक्या डायऱ्या तपासल्या, पण त्या सगळ्या सही घेण्यासाठी लिहिलेल्या.

अप्रेंटिसांच्या स्पर्धा होतात, आधी स्थानिक, मग विभागीय, मग देशपातळीवर. तिला आम्ही विभागीयला पाठवलं. जॉब नर-मादी फिटिंगचा. एक तुकडा दुसऱ्यात असा बसला पाहिजे की उजेडासमोर धरला तर फटीतून रेघ दिसता कामा नये. बाकीची पोरं जोरात कानस मारत होती आणि गरम जॉबवरच मायक्रोमीटर लावत होती. शंभर मिलिमीटरचं पोलाद दहा अंशांनी तापलं तरी साधारण एक शतांश मिलिमीटर वाढतं. मायक्रोमीटरवरचं ते एक अख्खं घर झालं. ही बाई जॉब सरफेस प्लेटवर थंड व्हायला ठेवून तेवढ्या वेळात कानसेच्या दातांतला चुरा ब्रशने काढत, खडू घासत बसलेली! तिचं फिटिंग सगळ्यांत देखणं झालं. एक कोपरा मात्र वेळेत उतरला नाही, नंबर हुकला. मला आजही वाटतं तिने थोडी घाई करायला हवी होती. ती म्हणते, नाही. नंतर तिने सीआयटीएसचा, म्हणजे आयटीआयचे शिक्षक घडवणारा, वर्षाचा कोर्स केला आणि आता एका आयटीआयमध्ये शिकवते.

मोठं स्टेज हवं असेल तर वर्ल्डस्किल्स ही तरुणांची जागतिक कौशल्य स्पर्धा आहे. २०१९ ला रशियातल्या कझानमध्ये ओडिशाच्या अश्वत्थ नारायणने पाणी तंत्रज्ञानात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पण तिथे बहुतेक प्रकारांत वयाची अट २२ आहे, त्यामुळे डोक्यात असेल तर आजच चौकशी कर.

आता कागदपत्रांचं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तुझा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला हवा, तोंडी ‘ट्रेनी’ म्हणून घेतलं तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याचा किमान स्टायपेंड ७,००० धरला होता. सध्याचा आकडा करारावर वाचून घे. कायद्याने तू कामगार नसतोस, शिकाऊ असतोस. म्हणून तुला नगावर पैसे देता येत नाहीत आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. उलट बाजूने, वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही कंपनीवर नसतं, हे आधीच मनाला सांगून ठेव. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस झालेल्यांना लेव्हल-वनच्या (सगळ्यांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, हा एक अपवाद. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणाचे ८,००० आणि ही अप्रेंटिसशिप यांत गल्लत करू नकोस, ती २०२४ ची वेगळी योजना आहे. कराराबाबत शंका आली तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात (अप्रेंटिसांचं प्रशिक्षण बघणारं केंद्र) जाऊन विचार, लाजू नको.

शेवटची परीक्षा मात्र चुकवू नकोस. कितीतरी पोरं वर्ष पूर्ण करतात आणि परीक्षेच्या आधी दुसरीकडे लागतात. मग राष्ट्रीय प्रमाणपत्र राहतं ते राहतंच.

ठेकेदाराला नाही म्हणू नकोस. वर्षभराने फोन करतो म्हण आणि नंबर सेव्ह करून ठेव. त्यांना वर्षभरानेही फिटर हवेच असतात, आणि तेव्हा भाव तू सांगशील.