नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्राजवळच्या टाउनशिपमध्ये फ्लॅट घेतला तर रोजची धावपळ खरंच कमी होते का?

तुम्ही लिहिलंय की दुकानं, शाळा, दवाखाना, ऑफिस सगळं एकाच ठिकाणी आहे, म्हणजे गाडी काढायचं कामच पडणार नाही. आमचा फ्लॅट घेताना माझे दीर हेच बोलले होते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑफिस जवळ आलं, हे खरं. ह्यांचं ऑफिस मिहानमध्येच, दुपारी जेवायला घरी येतात. पण घर काय एकट्या ऑफिसवाल्याचं असते? आधी आम्ही जुन्या शहरातल्या महाल भागात राहायचो, तिथे सासूबाई सकाळी पायी निघायच्या आणि एका फेरीत देऊळ, भाजी, शिंपी, दळण, सगळं उरकून यायच्या. इथे खाली गाळे आहेत, पण त्यात केकचं दुकान, सलून आणि बिल्डरचं विक्री ऑफिस. आवाज होतो म्हणून गिरणीला परवानगी नाही. भाजीचा ठेला गार्ड गेटच्या आत येऊ देत नाही. मग मी दळणाचा डबा ॲक्टिव्हावर पायांत धरते, झाकण उडू नये म्हणून त्याला जुनी ओढणी बांधते आणि वर्धा रोडला लागते. बाजूनं ट्रक, वर मे महिन्याचं ४५ डिग्रीचं ऊन. आणि सासूबाई? कोणी गाडी काढेल याची वाट बघत बसतात. त्यांचं बाहेर पडणंच संपलं.

दीर म्हणतात, "वहिनी, वस्ती भरू द्या, सगळं येईल." येईल, बरंचसं येईलही. पण नवी मुंबई बघा ना. ती वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये निघाली, घर आणि काम जवळजवळ असावं हाच विचार होता. वस्ती भरली, बाजार आले, भाजी-किराण्यासाठी लांब जावं लागत नाही. तरी सकाळच्या लोकल मुंबईकडे भरून जातातच. एका घरात दोघं कमावतात, दोघांची ऑफिसं दोन दिशांना. शिवाय नोकरी बदलली की घर थोडंच बदलता येते? मी नोकरी करते ती शाळा शहरात, धरमपेठेत आहे. ह्यांची वाचलेली धावपळ माझ्या वाट्याला आली, हे कोणी हिशोबात धरलंच नाही.

मेट्रोचा आधार आहे. खापरीहून सीताबर्डी, तिथे बदलून धरमपेठेजवळचं शंकरनगर. पण घरून खापरी स्टेशन गाठायला ऑटो लागतोच.

तुम्ही ब्रोशर बाजूला ठेवा. कामाच्या दिवशी भर दुपारी जा, गाळ्यांत काय चालू आहे ते बघा, आणि गाडी न चालवणाऱ्या एखाद्या बाईला विचारा की तिचा दिवस कसा जातो.

दोघंही मिहानमध्येच नोकरीला असाल, मुलं लहान असतील, तर गोष्ट वेगळी. एम्सही तिथेच आहे. तरी आधी वर्षभर भाड्यानं राहा. आणि फ्लॅटसाठी शहरातलं जुनं घर विकू नका. आमच्याकडे कर्ज फेडायला विकायचं चाललंय, दीर कागद तयार करून बसलेत. सासूबाईंनी अजून सही केली नाही, आणि मी त्यांना करूही देणार नाही.