परतल्यावरही गोळी चालूच ठेवा

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी टांझानियाला जातोय. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन रोज एक, आणि परतल्यावरही चार आठवडे घ्यायला सांगितलीय. डास तिथे चावणार, मग घरी आल्यावर महिनाभर गोळ्या कशाला? यांना आधीच पित्ताचा त्रास आहे.

उत्तर: ताई, हे चार आठवडे एका दिवसानेही कमी करू नका. डास चावला की मलेरियाचे जंतू आधी यकृतात शिरतात, तिथे वाढतात आणि आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन त्यांना गाठते ती मुख्यतः रक्तात. परतीच्या आदल्या रात्री डास चावला, तर त्याचे जंतू रक्तात येतील तेव्हा तुम्ही घरी असाल, आणि गोळी तेव्हाच लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही मलेरिया टाळण्याची दुसरी गोळी यकृतातही काम करते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने घरी पाऊल टाकताच गोळ्या बंद केल्या होत्या. सोळाव्या दिवशी हुडहुडी भरली. फ्लू समजून त्याने दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. रक्ताच्या काचेवर फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक जंतू, दिसला. वाचला, पण तीन रात्री अतिदक्षता विभागात गेल्या. पाकिटात गोळ्या तशाच शिल्लक होत्या, ते पाकीट त्याच्या आईने मला दाखवलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता पित्ताचं. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि पुढे तासभर आडवं व्हायचं नाही. एका बाईंनी रात्री अंथरुणात बसून एका घोटाबरोबर घेतली आणि लगेच पाठ टेकली. गोळी अन्ननलिकेत अडकली, तिथे व्रण झाला, चार दिवस पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. यजमान पित्तावर अँटासिड घेत असतील तर ते, तसंच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, हिच्यासोबत नकोत. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पोटात नीट शोषलंच जात नाही. एवढं करूनही सोसवेना, तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. मात्र कुणाला फिट येत असतील किंवा नैराश्य असेल, तर मेफ्लोक्विन ही मलेरिया टाळण्याची आणखी एक गोळी चालत नाही, म्हणून तसा त्रास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा.

उन्हात या गोळीने कातडी लवकर भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. ते संध्याकाळपासून पहाटेपर्यंत डासांसाठीही उपयोगी पडतील, कारण गोळी घेऊनही मलेरिया होऊ शकतो. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि टांझानियाला गेला होतात हे डॉक्टरांना आधी सांगा.