जुनी स्नोमोबाईल घेताय? आधी हे वाचा

तुमचे प्रश्न दोन. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तळ्याकाठच्या कॉटेजसाठी ओळखीतून जुनी स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी छोटी गाडी) मिळतेय आणि विकणारा म्हणतो, "रस्त्यावर न्यायची नाही, मग कागद कशाला?" दुसरा, तुमचा १४ वर्षांचा मुलगा ती चालवू शकेल का.

विकणाऱ्याचं ऐकू नका. मशीन तुमच्या नावावर झाल्यापासून सहा दिवसांत नोंदणी करावी लागते. पैसे देण्याआधी टनेलवर (सीटखालच्या धातूच्या सांगाड्यावर) ठोकलेला नंबर (बहुतेक मशीनवर तो उजव्या अंगाला असतो) नोंदणीच्या परमिटवरच्या नंबराशी ताडून बघा. मी एकदा हातमोजे काढून, बर्फ खरवडून तो वाचला, तर शेवटचे दोन आकडे जुळेनात. सौदा तिथेच सोडला.

नोंदणी, विमा आणि ट्रेल (स्नोमोबाईलसाठी आखलेली बर्फाची वाट) परमिट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा माणूस पहिली करतो आणि सगळं झालं असं समजतो. स्वतःच्या जागेबाहेर पडलात की विमा हवाच. ओएफएससीच्या (ऑन्टारिओतल्या स्नोमोबाईल क्लबांचा महासंघ) ट्रेलवर जायचं तर त्यांचं परमिट वेगळं घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय जायचं नाही, आणि मालकाने हात केला तर थांबून आपली ओळख सांगावी लागते.

वेगमर्यादा ट्रेलवर ताशी ५० किलोमीटर. ज्या रस्त्याची मर्यादा ५० किंवा त्याहून कमी, तिथे फक्त २०. गावच्या नगरपालिकेने बंदी घातली नसेल तर रस्त्याच्या कडेने जाता येतं, पण बर्फ हटवून साफ केलेला भाग आणि शोल्डर (रस्त्याला लागूनची पट्टी) सोडून. ४०० मालिकेतल्या हायवेवर (प्रांतातले मोठे द्रुतगती मार्ग) अजिबात नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, आणि मागे स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ओढणार असाल तर दोरी चालत नाही, कडक टो-बार लागतो.

दारूचं मात्र नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. "गाडी थोडीच चालवतोय" हा युक्तिवाद चालत नाही. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात स्नोमोबाईल आणि कार यांत फरक नाही: १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल म्हणजे गुन्हा. ५० पासूनच गाडीचं लायसन्स जागेवर निलंबित होतं. शनिवारी तळ्यावर दोन बिअर जास्त झाल्या, तर सोमवारी कामाला बसने जायची पाळी.

आता मुलगा. १२ वर्षं पूर्ण झाली की कोर्स करून स्नोमोबाईलचं ऑपरेटर लायसन्स मिळतं आणि त्यावर ट्रेलवर चालवता येतं. रस्त्यावर किंवा रस्ता ओलांडून न्यायला मात्र १६ वर्षं लागतात. मेख इथेच आहे, कारण बहुतेक ट्रेल मध्येच कुठला ना कुठला रस्ता ओलांडतात. तिथे मुलाने उतरायचं, तुम्ही दोन्ही बाजू बघून मशीन सरळ काटकोनात पलीकडे न्यायचं, आणि मग त्याने पुन्हा बसायचं. आमच्याकडे प्रत्येक ओलांडणीला यावरून कुरकुर असायची.