१४ महिन्यांची मुलगी तीनच शब्द बोलते. पुस्तकं आणि अक्षरांची कार्डं आत्ताच आणावीत का?

पुस्तकं आजच आणा, कार्डं राहू द्या. तीन शब्दांची काळजी इतक्यात नको. सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात असं तुम्ही लिहिलंय, तर 'पानी'सुद्धा शब्दच धरा, आणि 'भूभू', 'मम्मम्'ही. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही.

या वयात शब्दांइतकंच बोट बघा. पंख्याकडे बोट दाखवून ती तुमच्याकडे वळून बघते का? मग 'पंखा! पंखा फिरतोय' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. मोठी माणसं लगेच पुढचं वाक्य टाकतात, नाहीतर तिने 'ऊं' करायच्या आतच पेला हातात देतात, मग तिने बोलावं कशाला? ती 'बा' म्हणत बॉलकडे बघत असेल तर 'बॉल. लाल बॉल' असा एक शब्द जोडून परत करा. 'बा नाही, बॉल म्हण' नको. पाहुण्यांसमोर 'हे काय गं? म्हणून दाखव' ही तोंडी परीक्षा तर मुळीच नको.

पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, आठ-दहा पानांचं, पानावर एकच मोठं चित्र असलेलं घ्या. ती ते चावेल, उलटं धरेल, तीन पानं एकदम उलटेल. चालतं. छापलेलं सगळं वाचायलाच हवं असं नाही, ती थांबेल त्या चित्राबद्दल बोला. तीन मिनिटांत उठून गेली तर जाऊ द्या. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागेल (कंटाळा तुम्हाला येईल, तिला नाही). वाक्य ओळखीचं झालं की शेवटचा शब्द गाळून थांबा, पुढेमागे ती तो भरेल. घरच्यांचे फोटो पुठ्ठ्यावर डकवून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी उत्तम पुस्तक होतं.

अक्षरांआधी कान तयार व्हावा लागतो, त्यासाठी यमकाची बडबडगीतं तुमच्या तोंडून, मोबाइलवरून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच. नुसता चालू असलेला टीव्हीही बंद करा, त्याच्या आवाजात घरातली माणसं मुलाशी कमी बोलतात. दीड वर्षाच्या सुमाराला जाड मेणखडू द्या आणि मोठा कागद फरशीवर चिकटवा. ठिपक्यांचा 'अ' गिरवायला लावू नका, बोटांची पकडच तयार नसते.

नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, आत्ताही बोटाने काही दाखवत नसेल किंवा दोन वर्षांची झाल्यावरही 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. येणारे शब्द बंद झाले तर लगेच. 'आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात' यावर थांबू नका. आधी श्रवणचाचणी (ओएई म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद तपासणारी, गरज पडल्यास बेरा म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद तपासणारी) करून घ्या. दार आपटल्यावर दचकते म्हणून ऐकू नीट येतं असं नसतं. मोठे आवाज कळतात आणि 'स', 'फ'सारखे बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं.